महायुद्धातील खाकी टोपी : अस्सल की नक्कल, ओळखायची कशी?

बेळगाव, खानापूर, चंदगड, गडहिंग्लज या पट्ट्यातील अनेक घरांत आजोबा-पणजोबांची लष्करी पेटी अजून माळ्यावर आहे. पदके आणि डिस्चार्ज बुक जपले जाते. चुरगळलेल्या टोपीकडे मात्र कोणाचे लक्ष जात नाही. एक तर ती भंगारात जाते, नाहीतर कोणीतरी हौसेने साबणाने धुऊन काढतो. दुसरीकडे जुन्या बाजारात 'महायुद्धातली टोपी' म्हणून सिनेमा-नाटकासाठी शिवलेला मालही खपतो. हौशी संग्राहक ज्याच्या मागे असतात असा एक प्रकार म्हणजे ब्रिटिश फौजेची होडीच्या आकाराची 'फील्ड सर्व्हिस' टोपी. ती तपासताना नेमके काय पाहायचे, त्याची ही माहिती.

ब्रिटिश लष्कराने ही टोपी १९३७ मध्ये सर्वसाधारण वापरासाठी घेतली. डोक्यावर ती उजवीकडे झुकवून घालत आणि बिल्ला डाव्या बाजूला लावत. दिसायला सुटसुटीत, पण धावपळीत डोक्यावर टिकत नसे. १९४३ मध्ये तिच्या जागी बेरेसारखी, तुकडे जोडून शिवलेली 'जनरल सर्व्हिस' टोपी आली. त्यामुळे आतला छापील शिक्का १९३७ च्या आधीचा असेल, तर तिथेच थांबावे.

कापड खाकी लोकरी सर्जचे, म्हणजे तिरकस विणीचे. भिंगातून पाहिले की तिरप्या रेषा आणि त्यावर लोकरीची बारीक लव दिसते. हिंदुस्थानात शिवलेल्या काही टोप्या सुती खाकी ड्रिलच्याही आहेत. तेव्हा सुती आहे म्हणून लगेच खोटी म्हणू नये. अधिकारी पदरच्या पैशाने शिवून घेत, त्यांचे कापड मऊ आणि अस्तर भारी असते. फावल्या वेळी घालायच्या, रेजिमेंटच्या रंगांतल्या टोप्याही याच घाटाच्या होत्या.

समोरची दोन छोटी बटणे शोभेची वाटतात, पण तशी नाहीत. ती काढली की दोन्ही बाजूंच्या दुमडलेल्या पट्ट्या खाली येतात, कान झाकतात आणि त्याच बटणांनी हनुवटीखाली अडकवता येतात. स्वस्त नकलेत या पट्ट्या वरच शिवून टाकलेल्या असतात, किंवा बटणाला काज नसते. हात लावून पाहायची ही पहिली गोष्ट.

बटणावर आणि बिल्ल्यावर मुकुट असेल तर त्याचा आकार पाहावा. राजाच्या काळातल्या मुकुटाच्या कमानी वर गोल चढतात; राणी एलिझाबेथच्या काळातल्या, म्हणजे १९५२ नंतर ठरलेल्या मुकुटाच्या कमानी मध्यभागी खाली दबलेल्या असतात. दबलेला मुकुट असलेला बिल्ला महायुद्धातला नाही. ग्वाल्हेर, इंदूर, बडोदा इथल्या घरांत मात्र वेगळे चिन्ह निघू शकते. संस्थानी फौजांचे बिल्ले स्वतंत्र होते, तिथे ब्रिटिश मुकुट नसणे हा दोष नव्हे. मराठा पलटणीच्या ब्रिटिशकालीन नावात 'मराठा' या शब्दाचे इंग्रजी स्पेलिंग वेगळे होते, त्यात टी हे अक्षर दोनदा येते. आजचे स्पेलिंग स्वातंत्र्यानंतरचे. यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव यांनी इटलीच्या आघाडीवर व्हिक्टोरिया क्रॉस मिळवलेली ही रेजिमेंट, तिचे केंद्र १९२२ पासून बेळगावात. म्हणून या बिल्ल्याला मागणी आहे, आणि मागणी असेल तिथे नक्कल येतेच. प्लॅस्टिकचा बिल्ला दिसला तर फेकू नये. धातूच्या टंचाईमुळे युद्धाच्या काळात ब्रिटनमध्ये प्लॅस्टिकचे बिल्ले खरोखर काढले होते.

तरी बिल्ला हा सगळ्यात कच्चा पुरावा. तो पाच मिनिटांत बदलता येतो. बिल्ल्यापेक्षा त्याच्या खालचे कापड बोलते. वर्षानुवर्षे बिल्ला तिथेच असेल तर खालचा रंग गडद राहतो, भोवती कळकलेल्या पितळेचा हिरवट डाग उमटतो.

खरी तपासणी टोपी उलटी करूनच होते. काळ्या किंवा खाकी सुती अस्तरावर शाईचा शिक्का असतो : बनवणाऱ्याचे नाव, माप, साल आणि वर टोक असलेला सरकारी बाण. बाण 'सी' अक्षरात असेल तर माल कॅनडाचा. बाणाबरोबर 'आय' असेल तर हिंदुस्थानचा. मापाचा आकडा सेंटिमीटरमध्ये नसतो. ७ म्हणजे डोक्याचा घेर साधारण ५७ सेंटिमीटर. खऱ्या शिक्क्याची शाई धाग्यात मुरून कडा विटलेल्या असतात. नवा शिक्का कापडाच्या वर बसल्यासारखा, ठसठशीत दिसतो.

घामाचे डागही पाहावेत. खरा घाम कपाळाशी गडद आणि मागे फिका होत जातो. आत चामड्याची पट्टी असेल तर ती काळवंडून तडकते. चहाच्या पाण्यात बुडवून 'जुनी' केलेली टोपी सगळीकडे सारखी पिवळी, अगदी शिवणीच्या आतल्या दुमडीतसुद्धा. कसर लागलेली भोके वेडीवाकडी असतात आणि आजूबाजूची लव कुरतडलेली असते. सिगारेटने पाडलेले भोक गोल आणि कडेला कडक लागते.

हाताने शिवलेली म्हणजे जुनी, हा बाजारातला लाडका गैरसमज. या टोप्या कारखान्यात मशीनवर, घाईत शिवल्या गेल्या. पाहायचा तो धागा. पॉलिएस्टरचा शोध १९४१ चा, पण त्याचा शिवणदोरा बाजारात आला युद्धानंतर. सुटलेल्या धाग्याचे टोक टोपीपासून दूर नेऊन जाळावे : सुताला कागद जळल्याचा वास येतो आणि मऊ राख उरते, लोकरीला केस जळल्याचा वास येतो, पॉलिएस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो. एखादी शिवण नंतर दुरुस्त केलेली असू शकते, म्हणून दोन-तीन ठिकाणी पाहिल्याशिवाय निकाल देऊ नये.

दुकानदाराकडचा नोटा तपासायचा निळा दिवाही कामाला येतो. अंधारात त्याखाली धागा किंवा अस्तर पांढरे-निळे चमकले तर त्यात आधुनिक चमकद्रव्य आहे. पण अस्सल टोपी हल्लीच्या पावडरने धुतली तरी ती तशीच चमकते, आणि मग हा पुरावा कायमचा गेला.

धुण्याने होणारे मोठे नुकसान वेगळेच आहे. अनेक टोप्यांच्या आत शिपायाचा नंबर किंवा नावाची आद्याक्षरे हाताने लिहिलेली असतात. तो नंबर डिस्चार्ज बुकातल्या नंबराशी जुळला, तर टोपी कोणाची याचा प्रश्न मिटतो आणि कुठलाही बिल्ला देणार नाही अशी ओळख घराला मिळते. एका धुण्यात शाई जाते. (हे लिखाण बॉलपेनचे असेल तर सावध राहावे, बॉलपेन सर्रास वापरात आले ते युद्धानंतर.)

ठेवताना टोपी घडी न घालता, आत आम्लरहित कागद भरून कोरड्या जागी ठेवावी. पितळ घासून चकचकीत करू नये. पॉलिशचा पांढरा थर कापडात बसतो. कसर जिवंत असेल तर बिल्ला काढून टोपी हवाबंद पिशवीत घालावी आणि दोन आठवडे फ्रीझरमध्ये ठेवावी. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नये, नाहीतर कापडावर ओल धरते. विकायचीच असेल तर आधी आतल्या शिक्क्याचे आणि नंबराचे उजेडात फोटो काढून घरी ठेवावेत. पहिल्या महायुद्धातली टोपी हाती असेल तर आणखी एक गोष्ट : शंभर वर्षे ओलांडलेली ऐतिहासिक वस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली येऊ शकते, आणि अशी वस्तू परवान्याशिवाय परदेशी पाठवता येत नाही.