शेवंतीचे पंचांग

आमच्या घराच्या कुंपणालगत शेवंतीची पंधरा-वीस झाडे आहेत. जूनमध्ये फुटवे लावायचे, पावसाळाभर वाढू द्यायचे, आणि दिवाळीच्या आगेमागे कळ्या दिसू लागल्या की पाणी बेताने द्यायचे, एवढीच आमची बागवानी. काही वर्षांपूर्वी मात्र एक चमत्कारिक गोष्ट झाली. ओळीच्या पूर्वेकडची झाडे नेहमीप्रमाणे फुलांनी लगडली, तर पश्चिमेकडची पाच-सहा झाडे नुसतीच पानांनी माजली. कळीचा पत्ता नाही. आम्ही शेणखत घातले, राख घातली, शेंडे खुडले. वनस्पतिशास्त्रात डॉक्टरेट मिळवलेल्या माणसाने कुंपणाशी उकिडवे बसून राख पसरावी, हे शेजाऱ्यांना पाहण्याजोगे दृश्य होते. उपयोग शून्य. शेवटी शाळेत जाणाऱ्या मुलीने विचारले, "त्या झाडांवर रात्रभर उजेड असतो, त्यांना झोप येत नसेल का?" त्या उन्हाळ्यात कोपऱ्यावर नवा दिवा बसला होता, हे आमच्या ध्यानातच नव्हते.

मुलीचे शब्द शास्त्रीय नव्हते, पण बोट नेमके जागेवर ठेवलेले होते. या जागेपर्यंत पोहोचायला विज्ञानाला बराच काळ लागला. ती हकिकत वर्गात सांगण्याजोगी आहे.

कोणती भाजी कधी पेरावी, कोणते फूल कोणत्या महिन्यात लावावे याची कोष्टके फार जुनी आहेत. इंग्लंडमध्ये जॉन एव्हलिन याने १६६४ साली महिनावार कामे सांगणारे बागेचे पंचांगच प्रसिद्ध केले. आपल्याकडे नक्षत्रांवर पेरण्या होत आल्या आहेत. पण झाडाला ऋतू कळतो कसा, याचे उत्तर सगळीकडे एकच गृहीत धरलेले होते: थंडी, ऊन आणि पाऊस यांवरून. ते इतके उघड वाटत होते की तपासण्याची गरजच भासली नाही.

अडचण आली ती तंबाखूमुळे. अमेरिकेतील मेरीलँड राज्यात १९०६ साली तंबाखूच्या शेतात एक अवाढव्य झाड आढळले. माणसाच्या दुप्पट-अडीचपट उंच, आणि पाने शंभराच्या घरात. तंबाखूचा शेतकरी पाने विकतो. त्याला याहून अधिक काय हवे? या वाणाला 'मेरीलँड मॅमथ' असे नाव मिळाले. पण शेतात हे झाड फुलतच नसे. हिवाळ्यातील हिमतुषार पडून ते मरे, तोवर फक्त वाढत राही. फूल नाही म्हणजे बी नाही, आणि बी नाही तर पुढच्या वर्षी पेरायचे काय? तीच झाडे उपटून काचघरात नेली, तर मात्र ती ऐन हिवाळ्यात फुलत.

वॉशिंग्टनजवळच्या आर्लिंग्टन येथे अमेरिकन कृषिखात्याचे संशोधन क्षेत्र होते. (पेंटॅगॉनची प्रचंड इमारत पुढे त्याच परिसरात उभी राहिली.) तेथे वाइटमन गार्नर आणि हॅरी अॅलार्ड हे दोघे या प्रश्नाच्या मागे लागले. त्यांच्यापुढे दुसरे एक कोडेही होते. 'बिलॉक्सी' नावाचे सोयाबीन त्यांनी वसंतापासून उन्हाळ्यापर्यंत थोड्या थोड्या दिवसांच्या अंतराने पेरून पाहिले होते. आधी पेरलेले आधी आणि नंतर पेरलेले नंतर फुलावे, ही साधी अपेक्षा. प्रत्यक्षात सगळे सप्टेंबरच्या सुमारासच फुलले. पहिल्या पेरणीच्या झाडांना फुलायला चार महिने लागले, तर शेवटच्यांना जेमतेम दोन. जणू सर्वांना एकाच मुहूर्ताचे निमंत्रण होते!

तापमान, पाणी, खत, उन्हाची तीव्रता असे एकेक कारण त्यांनी तपासले. एकही लागू पडेना. काचघरात उष्णता तर होतीच. मग हिवाळ्यातील काचघरात आणि उन्हाळ्यातील शेतात फरक कोणता? उरला एकच: दिवस किती मोठा आहे हा. आज आपल्याला हे सहज सुचेल. त्या काळी ही कल्पना विचित्रच होती. प्रकाश म्हणजे झाडाचे अन्न, आणि अन्न कमी केल्याने फूल कसे येईल?

जुलै १९१८ मध्ये त्यांनी एक लहानशी अंधारी खोपी उभारली. सोयाबीनची एक पेटी आणि मॅमथ तंबाखूच्या तीन कुंड्या दुपारी चारच्या सुमारास खोपीत ठेवायच्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नऊच्या सुमारास बाहेर काढायच्या, असा क्रम सुरू झाला. उपकरणे म्हणावीत तर ही खोपी, घड्याळ आणि कुंड्या उचलणारे हात. ऐन उन्हाळ्यात त्या तंबाखूला फुले आली. बाहेरच्या उन्हातील तिची भावंडे नुसती वाढत राहिली. १९२० साली दोघांनी आपला प्रदीर्घ निबंध प्रसिद्ध केला आणि या गुणधर्माला 'फोटोपिरिऑडिझम' असे नाव दिले. मराठीत आपण प्रकाशावधिता म्हणू. लहान दिवसांत फुलणारी ती लघुदिनी, मोठ्या दिवसांत फुलणारी ती दीर्घदिनी आणि दिवसाची फिकीर न करणारी, टोमॅटोसारखी, ती उदासीन झाडे.

येथे एका दुर्दैवी माणसाची आठवण काढली पाहिजे. फ्रान्समध्ये ज्यूलिएन तुर्नुआ हा तरुण भांग आणि हॉप या वनस्पतींवर असेच काम करीत होता. हिवाळ्यात काचघरात पेरलेली भांग अगदी बोटभर असतानाच फुलते, हे त्याने पाहिले होते. १९१४ साली त्याने लिहून ठेवले की, हे दिवस लहान झाल्यामुळे नव्हे, तर रात्र मोठी झाल्यामुळे घडत असावे. त्याच वर्षी महायुद्ध सुरू झाले आणि तो त्यात मारला गेला. त्याचे म्हणणे खरे ठरायला १९३८ साल उजाडले. शिकागोत कार्ल हॅमनर आणि जेम्स बॉनर यांनी झँथियम या तणावर प्रयोग केले. (उकिरड्याशेजारी उगवणारे, ज्याची काटेरी फळे कपड्यांना चिकटतात ते हे तण; अनेक भागांत त्याला गोखरू म्हणतात.) दिवसाच्या मध्येच थोडा वेळ अंधार केला तर झाडाला काहीच वाटत नसे. पण लांब रात्रीच्या मध्येच थोडा वेळ दिवा लावला की फूल रद्द! झाड मोजते ती रात्र, आणि तीही सलग. तोवर 'लघुदिनी' हा शब्द रुळून गेला होता. नाव चुकीचे असूनही तेच आजतागायत चालू आहे.

आमच्या शेवंतीचे बिंग येथे फुटले. तिचीही मोजदाद रात्रीची असते, आणि कोपऱ्यावरच्या दिव्याने तिची रात्रच नाहीशी केली होती.

शेवंतीचा या इतिहासातला वाटा याहून मोठा आहे. रशियात मिखाइल चैलाख्यान याने १९३० नंतरच्या दशकात शेवंतीच्याच झाडांवर एक सुरेख प्रयोग केला. शेंड्याकडची पाने काढून टाकली. खालच्या पानांना लहान दिवस दिला आणि बोडक्या शेंड्याला मोठा. शेंड्याला फुले आली. याच्या उलट केले, तेव्हा आली नाहीत. म्हणजे रात्र मोजते पान, आणि फुलतो शेंडा. मधे काहीतरी निरोप जात असला पाहिजे. त्या निरोप्याला त्याने १९३७ मध्ये 'फ्लोरिजेन' असे नाव दिले. लायसेंकोच्या पंथाला ही कल्पना मानवली नाही आणि चैलाख्यानला त्याचा त्रास सोसावा लागला. फ्लोरिजेन हाती मात्र कोणाच्याच लागेना. पिढ्या उलटल्या, पुष्कळांनी नाद सोडला. अखेर २००७ साली भात आणि अरॅबिडॉप्सिस या वनस्पतींत पानांकडून शेंड्याकडे जाणारे एक प्रथिन म्हणजेच हा निरोप्या, असा पुरावा मिळाला. चैलाख्यान १९९१ मध्येच वारला होता.

पानाला प्रकाश कळतो कशाने? हे उत्तर अमेरिकेत बेल्ट्सव्हिल येथे मिळाले. रात्र मोडायला तांबडा प्रकाश सर्वांत प्रभावी ठरतो, हे तेथे दिसले होते. १९५२ मध्ये सॅलडच्या, म्हणजे लेट्यूसच्या, बियांवर काम करताना असे आढळले की तांबड्या प्रकाशाने बी रुजते आणि लगेच अतितांबडा प्रकाश दिला तर ते रुजणे रद्द होते. पुन्हा तांबडा दिला तर पुन्हा रुजते. ज्याचा प्रकाश शेवटचा, त्याची आज्ञा चालते. बटणासारखे चालू-बंद होणारे हे रंगद्रव्य १९५९ साली सापडले. तेच फायटोक्रोम.

आपल्या देशातही या विषयावर चांगले काम झाले. चंदीगडच्या पंजाब विद्यापीठात के. के. नंदा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० नंतरच्या दशकात तेरड्याची निवड केली. तेरड्याचा रंग तीन दिवस हे आपण ऐकतो, पण त्यांनी पाहिले ते याहून गमतीचे आहे. लहान दिवस देऊन कळ्या धरू लागलेले झाड पुन्हा मोठ्या दिवसांत ठेवले, तर कळीच्या जागी परत पाने येऊ लागतात. झाड आपला बेत बदलू शकते!

आता आपल्या परसबागेकडे येऊ. अक्षांशाचा मुद्दा येथे महत्त्वाचा. पुण्यात सर्वांत मोठा दिवस सुमारे सव्वातेरा तासांचा आणि सर्वांत लहान अकरा तासांचा असतो. पंचांगातील दिनमानाच्या भाषेत सुमारे ३३ घटी आणि साडेसत्तावीस घटी. लंडनला हेच आकडे साडेसोळा आणि पावणेआठ तासांच्या आसपास जातात. त्यामुळे युरोपातून हौसेने आणलेले कांद्याचे बी आपल्याकडे अनेकदा फसते. कांदा पोसायला दिवसाची लांबी एका मर्यादेपलीकडे जावी लागते, आणि तिकडच्या जातींना हवा असलेला चौदा-पंधरा तासांचा दिवस महाराष्ट्रात कधी उजाडतच नाही. पात मात्र भरपूर येते. दोष मातीचा नाही, विक्रेत्याचाही नाही. आपल्या जाती पिढ्यान्‌पिढ्या येथल्या दिनमानातून निवडल्या गेल्या आहेत.

दिनमान म्हटले म्हणून सांगतो: दिवाळी चांद्रमासाने ठरते, त्यामुळे ती इंग्रजी तारखांत तीन-चार आठवडे मागेपुढे सरकते. शेवंती तिच्यामागे धावत नाही. तिचे पंचांग निखळ सौर आहे.

गार्नर-अॅलार्डचा सोयाबीनचा प्रयोग शाळेत करायचा असेल तर वालाचा वेल घ्यावा. मात्र बी घरचे, गावरान जातीचे असावे. बाजारातल्या सुधारित बुटक्या जाती दिवसाकडे फारसे पाहत नाहीत आणि प्रयोग फसतो. जूनच्या मध्यापासून सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंत दर पंधरा दिवसांनी दोन-दोन आळी लावावीत. प्रत्येक आळ्याची पेरणीची आणि पहिल्या फुलाची तारीख मुलांनी नोंदवावी, आणि शेजारी त्या दिवसाचा सूर्योदय-सूर्यास्त कॅलेंडरातून उतरवावा. जूनचा वेल मांडव व्यापून बसेल, सप्टेंबरचा जेमतेम हातभर असेल. तरी दोघांच्या फुलांच्या तारखांतले अंतर पेरणीच्या अंतरापेक्षा पुष्कळच कमी भरेल. जवळ रात्रभर जळणारा दिवा नाही ना, हे आधी पाहून घ्यावे.

शेवंतीची खोपी तर याहून सोपी. ऑगस्टमध्ये दोन कुंड्या घ्याव्यात. एकीवर रोज संध्याकाळी पाच ते सकाळी आठ काळ्या जाड कापडाची दुहेरी खोळ घालावी, दुसरी तशीच ठेवावी. खोळ झाडाला टेकू नये, म्हणून आत चार काठ्या रोवाव्यात. रविवार आला म्हणून सुट्टी घेता येत नाही, ही यातली खरी अडचण. आमच्या माहितीतल्या एका शाळेत पहिला प्रयोग गणपतीच्या सुट्टीने बुडवला होता. पुढच्या वर्षी शिपाईमामांनी खोळीचे काम आपणहून अंगावर घेतले आणि उघड्या कुंडीच्या कितीतरी आधी खोळीतल्या कुंडीला कळ्या दिसल्या.

आमच्या कुंपणाचे काय झाले? दिवा हलवणे आमच्या हाती नव्हते. तेलाचा एक रिकामा डबा कापून, सरळ करून तो पत्रा आम्ही कुंपणाच्या खांबाला उभा बांधला. त्याची सावली त्या पाच-सहा झाडांवर पडू लागली. त्या साली त्यांतल्या चार झाडांना फुले आली. उरलेली दोन पत्र्याच्या कडेला होती. त्यांच्या दिव्याकडच्या फांद्या हिरव्याच राहिल्या, आणि सावलीकडच्या पिवळ्याधमक झाल्या.