गोळी कपाटात नाही, पोटात गेली पाहिजे

आज लढाईची गोष्ट सांगतो, पण ती बंदुकीच्या गोळीची नाही.

1943 साल. ब्रह्मदेशाच्या आघाडीवर जनरल स्लिम यांनी चौदाव्या सैन्याची सूत्रं हाती घेतली, तेव्हा एका जखमी जवानामागे 120 जवान आजारपणामुळे मागे पाठवावे लागत होते. मुख्य शत्रू मलेरिया. मेपाक्रिनची पिवळी गोळी उपलब्ध होती, पण जवान ती घेत नसत. अंग पिवळं पडतं, पुरुषत्व जातं, अशा अफवा होत्या. स्लिम यांनी अचानक तपासणी सुरू केली. पलटणीतल्या 95 टक्क्यांहून कमी जवानांनी गोळी घेतल्याचं दिसलं, तर शिक्षा जवानाला नाही, कमांडिंग ऑफिसरला. त्याची थेट उचलबांगडी. तीन अधिकारी गेले. बाकीच्यांना मग काही सांगावं लागलं नाही.

नोकरीत असताना हा किस्सा मी तरुण अधिकाऱ्यांना अनेकदा सांगितला. पण तो सांगताना मला आठवायची ती आमची ताई.

1974 मध्ये मी तेरा वर्षांचा होतो. ताईचं लग्न सतराव्या वर्षी झालं. ते कायद्यात बसत होतं, कारण मुलीच्या लग्नाचं वय तेव्हा 15 होतं. ते 18 झालं 1978 मध्ये. ताई जिना चढताना धापा टाकायची. आई म्हणायची, "नाजूक आहे पोर." पहिल्याच बाळंतपणात रक्तस्राव झाला आणि ती गेली. अंगात रक्तच नव्हतं, असं डॉक्टर म्हणाले. ते ‘नाजूक’पण नव्हतं, पंडुरोग होता, हे मला फार उशिरा कळलं.

या रोगाच्या इतिहासात आपल्या मुंबईचं मोठं स्थान आहे. 1928 मध्ये लुसी विल्स ही इंग्रज डॉक्टर मुंबईत आली. गिरणीत काम करणाऱ्या गरोदर बायकांचा पंडुरोग तिने अभ्यासला आणि यीस्टच्या अर्काने तो बरा होतो, हे 1931 मध्ये जगापुढे मांडलं. त्या अर्कातला गुणकारी घटक पुढे फॉलिक ॲसिड म्हणून ओळखला गेला.

1970 मध्ये सरकारने लोह आणि फॉलिक ॲसिडच्या गोळ्यांचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. तो गरोदर व स्तनदा माता आणि लहान मुलांसाठी होता. मधली दहा ते एकोणीस वर्षांची मुलं त्यात नव्हती. शरीर झपाट्याने वाढतं, मुलींची पाळी सुरू होते, लोहाची गरज वाढते, ती हीच वर्षं. गरोदरपणी सुरू केलेली गोळी म्हणजे शत्रू तटबंदीच्या आत शिरल्यावर खंदक खणणं. शाळेतल्या मुलामुलींना आठवड्याला एक गोळी देण्याचा देशव्यापी कार्यक्रम यायला 2012-13 उजाडलं. जोडीला वर्षातून दोनदा जंताची गोळी.

तरीही 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 15 ते 19 वयाच्या मुलींपैकी 59 टक्के पंडुरोगी आढळल्या. त्याआधीच्या पाहणीत 54 टक्के होत्या. मुलगेही 31 टक्के. फक्त गोळीने सगळं भागत नाही हे खरं. ताटात डाळ, पालेभाजी हवी, लग्न उशिरा हवं. पण गोळी पोटात तरी जाते का? उपाशीपोटी घेतली की मळमळतं, शौचाला काळं होतं, मग अफवा पसरते आणि गोळी खिडकीतून बाहेर जाते. म्हणूनच नियम आहे, की जेवणानंतर, शिक्षकांसमोर आणि शिक्षकांनीही स्वतः घ्यायची.

तुम्ही इंदूरला असा, बडोद्याला, बेळगावला की हैदराबादला. जवळच्या सरकारी शाळेत जाऊन एवढंच विचारा: या आठवड्याची गोळी किती मुलांनी घेतली आणि समोर कोण उभं होतं? किती गोळ्या आल्या, हे विचारू नका. तो आकडा कपाटाचा असतो.

आणि घरातली एखादी पोर जिना चढताना दमत असेल, तर तिला नाजूक म्हणू नका. हिमोग्लोबिन तपासा.

जय हिंद.