वकट, लेंड, मुंड

आमच्या नातवाच्या शाळेने मागच्या महिन्यात भर घरात माझी अब्रू घेतली. शाळेचा तसा हेतू नसावा. सहावीच्या मुलांना एक उपक्रम दिला होता : ‘आजी-आजोबांच्या काळातील एक खेळणे त्यांच्या मदतीने घरी तयार करून आणणे. गुण १०.’ एवढंच. पण त्या ‘मदतीने’ने घात केला.

गेली पाच-सहा वर्षं मी या घरात ‘आमच्या वेळी’ हा विषय शिकवतो आहे. नातू मोबाइल घेऊन सोफ्यावर आडवा झाला की माझा तास सुरू. आमच्या वेळी असली विकतची खेळणी नव्हती, आमची खेळणी आम्ही हातानं करायचो, विटीदांडू काय, पतंग काय, बेअरिंगची गाडी काय! हे मी इतक्या वेळा सांगितलं आहे की आमच्या कामाच्या बाईसुद्धा पुढचं वाक्य माझ्या आधी म्हणतात. तेव्हा नातू वही पुढे करून म्हणाला, “आजोबा, आपण विटीदांडू करू या. तुम्ही स्वतः करायचात ना?” तेव्हा चिरंजीवांनी लॅपटॉप मिटला, सूनबाईंनी मान वर केली आणि सौभाग्यवती हात पुसत स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. हा प्रसंग बघायला मिळावा म्हणूनच त्यांनी सत्तेचाळीस वर्षं माझ्याशी संसार केला असावा, असा मला संशय आहे.

“त्यात काय!” मी म्हणालो. पानिपतावर निघतानाही कोणीतरी हेच म्हणालं असणार.

माळ्यावर वडिलांची हत्यारांची पेटी होती. आमची इमारत पुनर्विकासाला जाणार असल्यामुळे माळा रिकामा करायचाच होता. पेटी खाली घेतली. आत हातोडी, पटाशी, करवत, गिरमिट, चार तऱ्हेच्या कानशी. प्रत्येकीच्या मुठीवर वडिलांच्या नावाची आद्याक्षरं ठोकलेली. कारखान्यात हत्यारं एकमेकांत मिसळू नयेत म्हणून फिटर लोक तसं करीत. पेटीला अजून ग्रीसचा वास होता. त्या वासाबरोबर सगळं मुलुंड वर आलं.

माझा जन्म १९५४ चा, मुलुंडचा. जन्मलो तेव्हा मी मुंबईकर नव्हतो. १९५७ साली महापालिकेची हद्द दहिसर-मुलुंडपर्यंत वाढली आणि आईच्या कडेवरून खाली न उतरता मी मुंबईकर झालो. आयुष्यात विनासायास मिळालेली ती एकच बढती. त्या वेळच्या मुलुंडमध्ये तीन गोष्टी मुबलक होत्या : मोकळी जागा, चिखल आणि आग्रा रोडवरचे कारखाने. आग्रा रोड म्हणजे आताचा लाल बहादूर शास्त्री मार्ग. त्या रस्त्यावरच्या एका कारखान्यात वडील फिटर होते.

आमच्या घराण्याचा इतिहास खेळण्यांवरून लिहिता येईल. आजोबा कोकणातले, त्यांची खेळणी झाडाला लागत. बाभळीची विटी, ताडगोळ्याच्या कवट्यांची गाडी, सागरगोटे तर मुळात झुडपाच्या बियाच. माझी खेळणी भंगारात सापडत. चिरंजीवांची दुकानात मिळत. आणि नातवाची मिळतही नाहीत, ती नुसती ‘उतरतात’. तीही चार्जिंग असेल तर.

भंगाराला नाक मुरडू नका. बेअरिंगची गाडी ज्यांनी चालवली नाही त्यांना वाहनसुख म्हणजे काय ते कळलेलं नाही. कारखान्यातून बाद झालेली तीन बॉल-बेअरिंग मिळवायची, पॅकिंगच्या खोक्याची फळी घ्यायची, मागे दोन आणि पुढच्या आडव्या दांड्याला एक बेअरिंग ठोकायचं, दांड्याला सुतळीचा लगाम बांधायचा. झाली गाडी. उतारावर ती असा आवाज करी की दुपारी झोपलेले सगळे नाइट-शिफ्टवाले उठून आमच्या मागे धावत. ब्रेक नव्हताच. गुडघा हाच ब्रेक. फुटलेलं बेअरिंगही वाया जात नसे. त्यातल्या पोलादी गोळ्या गोट्यांच्या डावात काचेच्या चार गोट्यांच्या भावाने चालत.

रेल्वेचंही तसंच. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी गेली ती आमच्या मुलुंडवरूनच. साहेबाची समजूत अशी होती की रेल्वे माणसं आणि माल वाहून नेण्यासाठी असते. तिचा खरा उपयोग शंभर वर्षांनंतर मुलुंडच्या पोरांनी शोधून काढला. सोड्याच्या बाटलीचं बूच रुळावर ठेवायचं; लोकल गेली की त्याची पापडासारखी चकती होते. तिला दोन भोकं पाडून दोरा ओवला की भिंगरी. (नातवाने हा परिच्छेद वाचून त्याप्रमाणे काही करू नये. फलाटाखाली उतरणे हा गुन्हा आहे, आणि तेव्हाही आमच्या पाठीवर त्याची नोंद वडील करीतच असत.)

संक्रांतीआधी महिनाभर चाळीत मांजाचा कारखाना. फुटक्या बल्बची काच वस्त्रगाळ करायची, खळीत आणि रंगात कालवायची आणि दोन खांबांमध्ये ताणलेल्या दोऱ्यावर चिंधीने लावत जायचं. दोऱ्याइतकीच बोटंही रंगायची. त्यातला कुठला लाल रंग दुकानातला आणि कुठला घरचा, ते सांगता येत नसे. पुढे नायलॉनचा तयार मांजा आला. बोटं शाबूत राहिली, पण पक्ष्यांचे पंख आणि दुचाकीवाल्यांचे गळे कापले जाऊ लागले. शेवटी २०१७ साली राष्ट्रीय हरित लवादाने त्यावर देशभर बंदी घातली. आमचा मांजा आधी करणाऱ्याला कापत असे, एवढा न्याय त्यात होता.

आणि विटीदांडू. त्याचा थाट आकड्यांत होता. एक, दोन, तीन नव्हे. वकट, लेंड, मुंड, नाल! प्रत्येक आकड्याला विटी अंगावर वेगळ्या जागी ठेवून टोला मारायचा, तो पावलापासून चक्क डोळ्यापर्यंत. हे शब्द म्हणजे आमची गुप्त भाषा, अशी आमची पक्की समजूत होती. एकदा शेजारच्या इमारतीच्या कामावरचे एक तेलुगू गवंडी आमचा खेळ बघत उभे राहिले आणि पोट धरून हसायला लागले. म्हणाले, “अरे, हे तर आमचे आकडे! ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु.” आम्ही थक्क. कोण जाणे किती शतकांपूर्वी एका भाषेतले आकडे दुसऱ्या भाषेतल्या पोरांनी उचलले आणि कुठल्याही पुस्तकाच्या मदतीशिवाय मुलुंडपर्यंत पोचवले. विटी कोलता येत होती तोवर आकडे जिवंत. खो-खोचं बरं झालं. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने त्याला वेळीच नियमांत बसवलं आणि जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत त्याचा विश्वचषकसुद्धा झाला. आपल्या मुलांनी आणि मुलींनी दोन्ही जिंकले. विटीदांडूच्या नशिबी तो राजयोग नव्हता.

हाताला शाळेत घालण्याचा प्रयत्न मात्र पहिल्यापासून चालू आहे. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला शिक्षण परिषद भरली आणि हस्तव्यवसायातून शिक्षण ही गांधीजींची कल्पना पुढे आली. तिचं शेपूट धरून आमच्या शाळेत टकळी आली. आठवड्यातून एक तास आम्ही सूत काढत असू, म्हणजे तोडत असू. मग १९६४-६६ च्या कोठारी आयोगाने ‘कार्यानुभव’ सुचवला. चिरंजीव शाळेत जाईपर्यंत त्याचा अर्थ असा झाला होता की कार्यानुभवाची वस्तू स्टेशनजवळच्या दुकानातून तयार आणायची आणि आईने ती जराशी चुरगळायची, म्हणजे घरी केल्यासारखी दिसते. आता २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांना दहा दिवस दप्तर नाही. सुतार, माळी, कुंभार यांच्याकडे जाऊन शिकायचं. कल्पना उत्तम आहे. फक्त आमच्या चाळीत एका मजल्यावर सुतार, टर्नर, वेल्डर आणि शिंपी राहत. त्यांच्याकडे जायला धोरण लागत नसे, नुसती चप्पल घातली तरी पुरे.

असो. मूळ मुद्दा विटीचा. आमच्या तीन खोल्यांत लाकूड म्हणून नव्हतं. फर्निचर भुशाचं, झाडू प्लॅस्टिकचा, फरशी पुसायच्या दांड्याला गंज न लागण्याची पाच वर्षांची हमी. शेवटी चिरंजीवांचा जुना क्रिकेटचा स्टंप सापडला. त्यांचा जन्म १९८१ चा. म्हणजे १९८३ चा विश्वचषक त्यांनी पाळण्यात आणि त्याचे परिणाम पुढे पंधरा वर्षं अंगणात भोगले. क्रिकेटने आमचा विटीदांडू खाल्ला होता. आता स्टंप कापून त्याचीच विटी होणार, या काव्यगत न्यायाने मला भरून आलं. मी करवत उचलली.

पहिली विटी एका बाजूला टोकदार आणि दुसऱ्या बाजूला भोळी झाली. दुसरीचं टोक निघता निघता माझ्या अंगठ्याचं साल निघालं. ती जमिनीवर ठेवून टोकावर दांडू मारला तर विटीने उडी मारायची. ही लोळत गेली आणि सोफ्याखाली शिरली. नातू विनयाने म्हणाला, “आजोबा, तुमच्या वेळी ही अशीच असायची का?”

त्या क्षणी, अंगठा तोंडात धरून बसलेला असताना, मला एक गोष्ट स्पष्ट आठवली. विटी मी कधीच केली नव्हती. माझ्या सगळ्या विट्या वडील करत. शिफ्टवरून आले की उंबऱ्यात बसून, चहा निवेपर्यंत, बोलता बोलता. गाडीला बेअरिंग ठोकायचे तेही तेच. मी फक्त बाजूला बसून ‘द्या ना लवकर’ म्हणत असे. माझ्या हातांनी आयुष्यभर बँकेत नोटा मोजल्या, आणि तेही पुढे यंत्र करू लागलं.

“बाबा,” चिरंजीव पेटीकडे बघत म्हणाले, “ही पेटी मी आज पहिल्यांदा उघडी बघतोय. तुम्ही मला हात लावू द्यायचा नाहीत. म्हणायचात, अभ्यास कर, नाहीतर...” वाक्य त्यांनी तिथेच सोडलं. पुढचं मला ठाऊक होतं. ‘नाहीतर फिटर होशील.’ घरात फिटर बसलेला असताना मी हे म्हणत असे. वडिलांना वाईट वाटल्याचं मला कधी दिसलं नाही, कारण ते वाक्य मुळात त्यांचंच होतं. मी सातवीत असताना एकदा कानस उचलली तर ती माझ्या हातातून काढून घेऊन त्यांनी स्वतःचे दोन्ही पंजे माझ्यापुढे धरले होते. नखं काळी, तळव्यावर घट्टे, डाव्या हाताच्या एका बोटाचं पेर नाही. “हे बघ,” ते म्हणाले होते, “तुझे असे व्हायला नकोत.”

झाले नाहीत. नातवाचा मोबाइल, चिरंजीवांचा लॅपटॉप यांनी आमच्या घरातली कला चोरली असं मी इतकी वर्षं सांगत होतो. कोणी चोरली नव्हती. वडिलांनी तीस वर्षं शिफ्ट करून तिच्यापासून आमची सुटका विकत घेतली होती. त्यांचा कारखानाही पुढे बंद झाला. तिथे आता टॉवर आहे. त्यात राहणाऱ्यांची मुलं हात वापरत नाहीत अशी तक्रार त्यांचे आजोबाही करत असतील.

मी गप्प झालेला बघून सौभाग्यवतींनी मैदान मारलं. त्यांचं माहेर घाटकोपरचं. त्यांनी देवघराच्या खणातून पाच सागरगोटे काढले, जे तिथे आहेत हे मला सत्तेचाळीस वर्षांत ठाऊक नव्हतं. फतकल मारून बसल्या आणि एक उडवून चार उचलले, दोन उडवून तीन उचलले. दुखरा गुडघा, चष्मा, काही आड आलं नाही. हातांना वय कळलंच नव्हतं. त्यांना कोणी कधी ‘नाहीतर’ म्हटलं नव्हतं, कारण तो खेळ कुठल्या कारखान्याकडे जात नव्हता.

एवढ्यात नातवाने मोबाइलवर विटी करणाऱ्या कोण्या खेड्यातल्या मुलाचा व्हिडिओ शोधला होता. ‘बंद कर तो मोबाइल’ हे शब्द मी गिळले. त्याने कानस उचलली आणि करवतीसारखी पुढे-मागे घासायला लागला. आणि माझ्या तोंडून आपोआप निघालं, “तशी नाही. पुढे ढकलताना दाबायची, मागे आणताना उचलायची. ती पुढे जातानाच कापते.” मला हे कोणी शिकवलं नव्हतं, उंबऱ्याशेजारी बसून बघितलं होतं. नातवाने दाबली, उचलली, दाबली, उचलली. तासाभराने विटीला दोन्ही बाजूंनी टोक आलं. फरशीवर ठेवून मारली तर टुणकन उडून ट्यूबलाइटच्या वितीवरून गेली.

शाळेत तिला आठ गुण मिळाले. पेटी भंगारवाला किलोच्या भावाने न्यायला तयार होता. ती नातवाच्या पलंगाखाली गेली. नव्या घरात ती कुठे ठेवायची यावर सूनबाई आणि मी यांच्यात वाटाघाटी चालू आहेत.

राहता राहिले आकडे. वहीत ते लिहायचे होते आणि नालच्या पुढे माझी गाडी अडली. मी म्हटलं, आर. खात्री म्हणून डोंबिवलीला थोरल्या भावाला फोन लावला. तो म्हणाला, “आर कुठला? नालनंतर ऐद!” दोन सत्तरी ओलांडलेली माणसं वीस मिनिटं फोनवर भांडली. १९६३ मधला एक रडीचा डावही त्यात निघाला. शेवटी नातवाने मोबाइलमध्ये बघून निकाल दिला : तेलुगूत पाच म्हणजे ऐदु, सहा म्हणजे आरु.

“आजोबा,” तो म्हणाला, “तुम्ही अख्खा एक आकडा खाल्लात.”

फोनमधून दादा ओरडला, “मी तेव्हाच सांगत होतो, हा रडी खेळतो म्हणून!”