खर्जाचा सूर आणि अनेक वाद्यवृंद

सोलापूरकरांना रामजोशांची ओळख करून देण्याचे कारण नाही. याच गावच्या ब्राह्मण घरातला हा शाहीर तमाशाच्या फडात रमला, त्यापायी घराला पारखा झाला असे सांगतात, आणि पुढे कीर्तनासही उभा राहिला. कलावंताने एकच घर धरून राहावे, अशी आपली जुनी समजूत आहे. ती कितपत खरी, हे आज गोव्याच्या वादकांवरून पाहू.

पोर्तुगीज अमदानीत गोव्यात चर्चला जोडलेल्या शाळा असत. तेथे 'मेस्त्री' मुलांना पाश्चात्य स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकवीत. हेतू उपासनेपुरता होता. परंतु लिहिलेले संगीत पाहताक्षणी वाजविण्याची ही विद्या कोणत्याही एका संगीताशी बांधलेली नव्हती. पोटासाठी मुंबईस आलेल्या मुलांची तीच शिदोरी ठरली.

हळदोण्याचे आंतोनियो झेवियर वाझ (१९१६–१९६७) 'चिक चॉकलेट' या नावाने ताजमहाल हॉटेलात जाझ वाजवीत. तेच ट्रंपेट सी. रामचंद्रांच्या 'अलबेला'त (१९५१) घुमले. फ्रँक फर्नांड जाझमधून चित्रपटसंगीतात आले आणि पुढे 'आमचें नशीब' (१९६३) व 'निर्मोण' (१९६६) हे कोकणी चित्रपट त्यांनी काढले. माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विस (१९२७–२०१२) यांनी चित्रपटांत व्हायोलिन वाजविता वाजविता १९५८ साली स्वतःचा वाद्यवृंद उभारून आपले राग पाश्चात्य वाद्यांवर मांडले.

ही भ्रमंती केवळ हौसेची नव्हती. १९४९ च्या दारूबंदी कायद्यानंतर मुंबईतील रात्रीच्या मैफली ओसरल्या आणि स्टुडिओचा आधार मोठा झाला. संगीतकार चाल देई; तिच्या भोवतीचे सूर लिहून वाद्यावाद्यांत वाटण्याचे काम बहुधा या मंडळींकडे येई.

त्यांतही डबल बास वाजविणाऱ्याचा विचार आम्हांस विशेष करावासा वाटतो. माणसाहून उंच असे हे वाद्य उभ्याने वाजवायचे. त्याचा सूर खर्जातला. गाणे गुणगुणताना तो कोणी गुणगुणत नाही. पण तो काढून घ्या, म्हणजे गाण्याखालची जमीनच सरकते. जाझ असो, कव्वालीच्या ढंगाचे गाणे असो वा भावगीत असो, खर्जवाल्याने इतरांचे ऐकावे आणि ताल सांभाळावा, हे काम बदलत नाही. म्हणूनच अनेक वाद्यवृंदांत वावरूनही असा वादक बहुरूपी होत नाही. त्याची निष्ठा एकच राहते.

मात्र या निष्ठेचे मोल आपण काय दिले? तबकडीवर गायकाचे आणि संगीतकाराचे नाव छापले जाई. वादक बहुधा निनावीच राही. १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी'त अँथनी गोन्साल्विस हे नाव देशभर गाजले. ते प्यारेलाल यांच्या व्हायोलिनगुरूंचे नाव, हे किती जणांस ठाऊक होते? पुढे यांत्रिक वाद्ये आली, मोठे वाद्यवृंद पांगले आणि निनावी हातही विसरले गेले.

रामजोशांचे नाव तरी उरले, कारण शब्दांना धनी असतो. खर्जाच्या सुराचे धनीपण सांगायचे तर ऐकणाऱ्यानेच कान खाली न्यावा लागतो. घरी एखादे जुने गाणे लागेल, तेव्हा श्रोत्यांनी एकदा गायकाला बाजूस ठेवून तो सूर शोधावा, इतकीच आमची विनंती आहे.