वऱ्हाडातील जप्ती आणि ऋणनिवारण : बुलढाणा जिल्हा

‘जप्ती’ हा शब्द मूळचा अरबी. परंतु बुलढाणा जिल्ह्यातील कुणब्याच्या तोंडी तो घरचाच झाला. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ६० व्या कलमाने मजुराची मजुरी जप्तीतून सर्वस्वी वगळली, पगारदाराच्या वेतनाचा काही भाग राखला, शेतकऱ्याचे निर्वाहापुरते बैल, औते व बियाणेही सोडले. जमिनीस मात्र हे अभय नव्हते. म्हणजे नांगर राही आणि शेत जाई! १९२९ नंतरच्या मंदीत खामगाव-मलकापूरच्या पेठांत कापसाचे भाव कोसळले, तेव्हा या विसंगतीची धग घरोघर पोहोचली. १९३३ च्या कायद्याने मध्यप्रांतात कर्जतडजोड मंडळे निर्माण केली. परंतु सावकाराची संमती हाच त्यांचा आधार असल्याने त्यांचे बळ बेताचे होते. १९३९ च्या मध्यप्रांत व वऱ्हाड ऋणनिवारण कायद्याने निराळा मार्ग धरला : येणे रक्कम ठरवून हप्ते बांधून देण्याचे काम न्यायालयांकडे आले.