बाहेरची लाइन कोण देणार?

ऑफिसातल्या टेलिफोन यंत्रणेला इतिहास तो काय असणार, असं कुणालाही वाटेल. कोपऱ्यातल्या कपाटात एक पेटी, तिला वायरींचा जुडगा, आणि महिन्याअखेरी येणारं बिल. पण ही पेटी दिवसभर दोनच प्रश्न सोडवत असते. आतल्या माणसाला बाहेरची लाइन द्यायची का? आणि बाहेरच्या माणसाला आत घ्यायचं का? हे कोण ठरवतं आणि ठरवण्यात चूक झाली तर पैसे कोण भरतं, एवढाच धागा धरून आज आपण सुमारे एकशे चाळीस वर्षांचा प्रवास करणार आहोत.

सुरुवात आपल्याकडूनच करू. २८ जानेवारी १८८२ रोजी मुंबई, कलकत्ता आणि मद्रास इथे टेलिफोन एक्स्चेंजेस सुरू झाली. तिथे फोन जोडायचा तो माणसाने, हाताने. पुढे मोठ्या कंपन्यांनी, हॉटेलांनी स्वतःच्या इमारतीतच छोटा बोर्ड बसवला आणि त्यासमोर ऑपरेटर आला, बहुधा आलीच. तिला आवाज ओळखता यायचे. कुणाचा कॉल आधी जोडायचा, कुणाला ‘साहेब मीटिंगमध्ये आहेत’ म्हणून सांगायचं, हे तिला कुणी लिहून दिलेलं नसे.

पण ज्याच्या हातात जोडणं आहे, त्याच्याच हातात वळवणंही आहे. अमेरिकेत कॅन्सस सिटीला अल्मन स्ट्रॉउजर नावाचे गृहस्थ होते. धंदा अंत्यसंस्कारांची व्यवस्था करण्याचा. असं सांगतात, की आपल्यासाठी आलेले फोन ऑपरेटर प्रतिस्पर्ध्याकडे वळवते, असा त्यांना संशय आला. त्यांनी मग मधला माणूसच नको, अशी युक्ती काढली. १८९१ साली पेटंट मिळालं, आणि १८९२ मध्ये इंडियाना राज्यातल्या ला पोर्ट गावी त्यांच्या पद्धतीचं स्वयंचलित एक्स्चेंज सुरू झालं. ही गोष्ट खरी धरली, तर स्वयंचलित एक्स्चेंजच्या जन्मामागे वेगापेक्षा अविश्वास जास्त आहे.

ऑफिसातही हेच झालं. शून्य किंवा नऊ फिरवा, बाहेरची लाइन घ्या. सोय झाली, पण विचारणारं कुणी उरलं नाही. भारतात १९६० साली कानपूर-लखनौ दरम्यान एसटीडी सुरू झाली आणि मग ती हळूहळू पसरली. परगावचा महागडा कॉल आता थेट टेबलावरून लागू लागला. यावर आपल्या ऑफिसांनी काढलेला उपाय तुमच्यापैकी काहींनी पाहिला असेल: डायलला चक्क छोटं कुलूप! पुढे ईपीएबीएक्स आलं तेव्हा तेच कुलूप तक्त्यात गेलं. अमुक एक्स्टेन्शनला फक्त लोकल, तमुकला एसटीडी, मोजक्यांना आयएसडी. ऑपरेटरबाईंचं तारतम्य असं रकान्यांमध्ये भरलं गेलं.

आता उलटा दरवाजा बघू. अमेरिकन कंपन्यांना लांब पल्ल्याचे कॉल घाऊक दराने स्वस्त पडत. मग फिरतीवरच्या विक्रेत्याने ऑफिसच्या यंत्रणेला फोन करायचा, गुप्त अंक दाबायचे, की त्याला ऑफिसची बाहेरची लाइन मिळायची. या सोयीला ‘डिसा’ म्हणतात. गंमत अशी, की यंत्राला आवाज ओळखता येत नाही, फक्त अंक कळतात. आणि अंक तर कुणीही पुन्हा पुन्हा दाबून शोधू शकतं. चोरांनी ते शोधले, आणि कंपन्यांच्या माथी हजारो डॉलरची बिलं आली. ‘हे कॉल आम्ही केलेच नाहीत’, असं कंपन्या म्हणाल्या. पण १९९३ मध्ये चार्टवेज प्रकरणात अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाने जबाबदारी ग्राहकावरच टाकली. यंत्रणा तुमच्या ताब्यात, दार तुम्ही उघडं ठेवलंत, तेव्हा बिलही तुमचंच.

१९९९ साली ‘सिप’ या पद्धतीचं पहिलं प्रमाणपत्रक प्रसिद्ध झालं, ‘ॲस्टेरिस्क’ हे सॉफ्टवेअरही त्याच सुमाराचं. आता एक्स्टेन्शनला इमारतीची वायर लागेना, इंटरनेट पुरेसं झालं. ऑफिस पुण्यात, एक्स्टेन्शन नागपुरात. आणि ‘१०१’ या एक्स्टेन्शनचा पासवर्डही ‘१०१’च ठेवला असेल, तर तो शोधणारी यंत्रं इंटरनेटवर चोवीस तास फिरत असतात.

भारतात या दारावर आणखी एक पहारेकरी होता: सरकार. खासगी नेटवर्कवरून आणलेला कॉल सार्वजनिक टेलिफोन जाळ्यात सोडायचा नाही, कारण त्यात परवानाधारक कंपन्यांचा महसूल बुडतो. म्हणून एकाच यंत्रात दोन वेगळे कप्पे पाडावे लागत. कॉल सेंटरला नोंदणी लागे, घरून काम करायचं तर वेगळी परवानगी आणि जामीन रक्कम. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली आणि हे निर्बंध तात्पुरते सैल झाले. नोव्हेंबर २०२० मध्ये नोंदणीच रद्द झाली. जून २०२१ मध्ये तर कॉल सेंटरचं ईपीएबीएक्स जगात कुठेही असलं तरी चालेल, असं ठरलं. कपाटातली पेटी कपाटातून गेली!

पण प्रश्न गेले का? नाही. सरकारचा पहारा सैल झाला, तशी मालकाची जबाबदारी वाढली. म्हणून ज्यांच्याकडे ही यंत्रणा सांभाळायचं काम आहे, त्यांनी तीन गोष्टी तपासाव्यात. आयएसडी खरंच कुणाला लागतं? नोकरी सोडून गेलेल्यांची एक्स्टेन्शन्स आणि दुरुस्तीवाल्यासाठी उघडलेला रस्ता बंद केला का? आणि रविवारी पहाटे तीन वाजता परदेशी कॉल सुरू झाले, तर ते त्याच वेळी कुणाच्या लक्षात येईल? ऑपरेटरबाईंच्या ते पहिल्याच कॉलला लक्षात आलं असतं. आपण त्यांची खुर्ची काढली, पण त्यांचं काम कुणाकडे दिलं, हे बऱ्याच ऑफिसांत अजून ठरलेलं नाही.

इथे थांबतो. आता आपण प्रश्न घेऊ.