कान्हेरीची पोढी ते पवईचा तलाव : पाण्याच्या गुणधर्मांचा उपनगरी इतिहास

१/ बोरिवलीच्या जंगलात, कान्हेरीच्या डोंगरावर, १०० हून अधिक लेणी आहेत. इसवी सनाच्या आरंभापासून कित्येक शतके येथे भिक्षूंची वसती नांदली. या भागात वर्षाला २,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो; पण तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. उरलेले आठ महिने डोंगरावर माणसे जगली कशी?

२/ उत्तराचा अर्धा भाग छिन्नीत आहे, अर्धा पाण्याच्या स्वभावात. पाणी हे मूलद्रव्य नसून हायड्रोजन व ऑक्सिजन यांचे संयुग आहे, हे लाव्हाझिएने १७८३ मध्ये मांडले. या रेणूची ठेवण वाकडी असते. त्याची ऑक्सिजनची बाजू किंचित ऋण आणि हायड्रोजनची किंचित धन. त्यामुळे प्रत्येक रेणू शेजाऱ्याला धरून ठेवतो. पाण्याचे बहुतेक विलक्षण गुण या पकडीतून येतात.

३/ पहिला गुण म्हणजे उष्णता पचवण्याची क्षमता. १ किलो पाणी १ अंशाने तापवण्यास जेवढी उष्णता लागते, तिच्या सुमारे पाचव्या हिश्श्यात तेवढाच काळा पाषाण तितका तापतो. म्हणून वैशाखात जमीन भाजून निघते आणि समुद्र मागे राहतो. तापलेल्या भूमीकडे समुद्रावरची बाष्पयुक्त हवा ओढली जाते. कान्हेरीवर कोसळणारा मोसमी पाऊस मुळात याच फरकाचे अपत्य.

४/ तो पाऊस धरण्यासाठी भिक्षूंनी खडकात पन्हळी कोरल्या आणि लेण्यांलगत टाकी खोदली. प्राकृत शिलालेखांत त्यांना ‘पानियपोढी’ म्हटले आहे. कल्याणच्या सामिदत नावाच्या सोनाराने येथे अशी एक पोढी दान दिली, असे एक लेख सांगतो. चैत्यगृह किंवा मूर्ती यांच्या बरोबरीने पाण्याचे टाकेही पुण्यकर्म गणले जाई, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे.

५/ पोढीचे तोंड लहान आणि पोट खडकाच्या आत. यामागची सोय उघड आहे. पाण्याची वाफ पृष्ठभागावरून होते. ऊन, वारा व उघडा पृष्ठभाग जेवढा कमी, तेवढी घट कमी. सावलीत शेवाळही फारसे धरत नाही.

६/ बाष्पीभवनाला उष्णताही भरपूर लागते. १ किलो पाणी ० पासून १०० अंशांपर्यंत तापवायला जेवढी लागते, तिच्या पाचपटीहून अधिक उष्णता त्याची वाफ करताना खर्च होते. घामाने अंग निवते ते यामुळेच. डोंगर चढून आलेल्या यात्रेकरूला सावलीत मिळणारा गारवा हा त्याच्या त्वचेवरील पाण्याचा हिशेब असतो.

७/ दुसरा मोठा गुण विरघळवण्याचा. चुनखडीच्या प्रदेशात पावसाचे किंचित आम्ल पाणी खडक विरघळवून गुहा तयार करते. साष्टीचा ज्वालामुखीजन्य खडक असा सहजी विरघळत नाही. म्हणून येथील गुहा माणसाला स्वतः कोराव्या लागल्या. आणि त्याच कारणाने त्यात साठवलेले पाणी गोड राहिले.

८/ आता १८३० च्या दशकात येऊ. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्सच्या गोठलेल्या तळ्यांतून कापलेला बर्फ महिनोन्‌महिने जहाजातून प्रवास करून मुंबईला येऊ लागला. वाटेत तो सगळा वितळला का नाही? १ किलो बर्फ वितळवण्यास लागणाऱ्या उष्णतेत तेवढेच पाणी ० पासून ८० अंशांपर्यंत तापते. त्यावर भुशाचे आवरण असले की बर्फ दीर्घकाळ टिकतो.

९/ तो बर्फ कापता आला, कारण तो तळ्याच्या पृष्ठभागावर होता. पाण्याची घनता ४ अंशांना सर्वाधिक असते आणि बर्फ पाण्याहून हलका. तळे वरून गोठते, खाली मासे जगतात. बर्फ बुडणारा असता, तर थंड प्रदेशांतील तळी तळापासून गोठली असती.

१०/ १८४९ च्या गणतीत मुंबईची वस्ती ५ लाखांवर गेली होती. विहिरी आणि तळी तिला पुरेनात. हेन्री कॉनिबेअर यांच्या योजनेनुसार १८५६ मध्ये मिठी नदीच्या उगमाकडे विहार तलावाचे काम सुरू झाले आणि १८६० मध्ये पाणी शहरात पोचले. ज्या डोंगररांगेने भिक्षूंना पाणी दिले, तीच आता शहराची तहान भागवू लागली. १८७९ मध्ये तुळशी तलावाची भर पडली.

११/ पण विरघळवणारे पाणी वाहकही असते. लंडनमध्ये १८५४ मध्ये जॉन स्नो यांनी पटकीचा माग एका पंपापर्यंत काढला. १८८४ मध्ये रॉबर्ट कॉख यांनी कलकत्त्यात तिचा जंतू ओळखला. ज्या गुणामुळे रक्तातून क्षार व साखर पेशींपर्यंत पोचतात, त्याच गुणामुळे घाणही घरापर्यंत येते.

१२/ १८९० च्या सुमारास पवईचा तलाव बांधला गेला. मात्र त्याचे पाणी पिण्यास अयोग्य ठरले. १८९२ मध्ये तानसाचे पाणी आले आणि शहराची नजर दूर उत्तरेकडे वळली. पवई पिण्याच्या पाण्याच्या हिशेबातून बाहेर पडला.

१३/ पुढे भोवती वस्ती वाढली. सांडपाण्यातील पोषकद्रव्ये तलावात विरघळली, जलपर्णी माजली. ३० अंश तापमानाच्या एका लिटर पाण्यात जेमतेम ७ ते ८ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो. पाणी जितके गरम, तितका कमी. कुजणारी वनस्पती तोही खाऊन टाकते, आणि मग मासे मरतात.

१४/ विहार आणि तुळशी आजही मुंबईला पाणी देतात. शहराच्या गरजेपुढे त्यांचा वाटा लहान, पण त्यांच्याभोवती जंगल उभे आहे. पवईभोवती ते उरले नाही. तिन्ही तलावांवर पाऊस तोच पडतो, रेणूही तोच. फरक त्या पाण्यात काय विरघळू दिले गेले, याचा आहे. सामिदताची पोढी त्या खडकात आहे आणि आषाढात कान्हेरीच्या पन्हळी अजून वाहतात.